करकपात, अंदाजपत्रक आणि तोकड्या शेपटीचं मांजर

भेटवस्तू दोन प्रकारच्या असतात. घेणाऱ्याला हव्या असलेल्या आणि देणाऱ्याला द्यायच्या असलेल्या. पहिल्या प्रकाराबद्दल मी नुसतं ऐकून आहे. दुसऱ्याचा अनुभव दांडगा आहे, कारण आमच्या लग्नात भिंतीवरची अकरा घड्याळं आली आणि घराला घड्याळ लावण्याजोग्या भिंती होत्या तीन. पण घड्याळाचं एक बरं असतं. ते खात नाही, ओरबाडत नाही, आणि कागद नीट न फाडता ठेवला असेल तर पुढच्या लग्नात कुणाच्या तरी गळ्यात घालता येतं. भेट म्हणून कुणी जिवंत जनावर आणून दिलं तर काय करायचं? आभाराचं कार्ड लिहीपर्यंत त्याने टेबलावरचा टेबलक्लॉथ खाल्लेला असतो.

ही अडचण जगात ज्या माणसावर घाऊक प्रमाणात कोसळली, त्याचं नाव कॅल्विन कूलिज. अमेरिकेचे तिसावे राष्ट्राध्यक्ष. कारकीर्द १९२३ ते १९२९. इतिहासाच्या पुस्तकात या गृहस्थांना फार जागा मिळत नाही. त्यांनी युद्ध केलं नाही, पुतळे उभारले नाहीत, आणि बोलले तर जवळजवळ नाहीतच. पण आम्हा जमाखर्चवाल्यांच्या देव्हाऱ्यात त्यांचा फोटो असायला हरकत नाही. हा माणूस आमच्या ब्रँचला मॅनेजर म्हणून आला असता तर हेड ऑफिसने पेढे वाटले असते आणि आम्ही बदलीचे अर्ज केले असते.

त्यांची सुरुवातच बघा. राष्ट्राध्यक्ष हार्डिंग ऑगस्ट १९२३मध्ये अचानक वारले. उपाध्यक्ष कूलिज तेव्हा व्हरमाँटमधल्या आपल्या खेड्यात, वडिलांच्या घरी होते. निरोप आला मध्यरात्री. वडील नोटरी होते. रात्री पावणेतीनच्या सुमाराला, रॉकेलच्या दिव्याच्या उजेडात, बापाने मुलाला राष्ट्राध्यक्षपदाची शपथ दिली, आणि नवे राष्ट्राध्यक्ष पुन्हा जाऊन झोपले. आमच्याकडे नुसतं अ‍ॅक्टिंग अकाउंटंट झालेला माणूससुद्धा आठवडाभर झोपत नाही.

बोलण्याची काटकसर अशी की एका मेजवानीत शेजारच्या बाईंनी म्हणे त्यांना सांगितलं, "तुमच्याकडून दोनपेक्षा जास्त शब्द बोलवून घेईन अशी मी पैज लावलीय." कूलिज म्हणाले, "तुम्ही हरलात." ही गोष्ट खरी की रचलेली यावर वाद आहे, पण रचली असली तरी योग्य माणसावर रचली आहे. पैशाची काटकसर मात्र वादातीत. सरकारचं अंदाजपत्रक पाहणारं खातं नुकतंच, १९२१मध्ये निघालं होतं. त्याचे प्रमुख जनरल लॉर्ड आणि कूलिज या जोडगोळीने सरकारी खर्चाला अशी कात्री लावली की कचेऱ्यांतून पेन्सिली एका वेळी एकच मिळू लागली, आणि नवी हवी तर जुनीचं थोटूक आधी जमा करायचं. हसू नका. कूलिज आले तेव्हा देशावर सुमारे २२ अब्ज डॉलर कर्ज होतं. गेले तेव्हा सुमारे १७ अब्ज उरलं होतं. मधल्या काळात आयकर तीनदा कमी केला. कर कमी आणि कर्जही कमी! आमच्या अर्थशास्त्राच्या सरांनी हे दोन्ही एकाच उत्तरात लिहिलं तर मार्क कापले असते.

आणि असल्या माणसाच्या घरात, व्हाइट हाउसमध्ये, जनावरांची जत्रा भरलेली!

यातली काही जनावरं त्यांची स्वतःची. पत्नी ग्रेसबाई मोठ्या हौशी. मुळात त्या मूकबधिर मुलांच्या शिक्षिका. नवरा बोलेना याचं त्यांना विशेष वाटलं नसावं. घरात कुत्रे होते, पक्षी होते, मांजरं होती. टायगर नावाचा त्यांचा बोका १९२४मध्ये हरवला तेव्हा रेडिओवरून देशाला त्याचं वर्णन ऐकवण्यात आलं, आणि महाशय नौदलाच्या कचेरीत सापडले. इथपर्यंत ठीक आहे. हरवलेला बोका सरकारी कचेरीत सापडणं ही गोष्ट कुठल्याही देशात नैसर्गिक आहे. निदान तिथे उंदरांचा तरी हिशेब लागतो.

खरी गडबड भेटींनी झाली. राष्ट्राध्यक्षांना प्राणी आवडतात हे एकदा जगाला कळलं, आणि जग ट्रक भरून प्राणी पाठवू लागलं. ऑस्ट्रेलियातून वॅलबी आला, म्हणजे धाकट्या चणीचा कांगारू. मेक्सिकोतून काळं अस्वल आलं. आफ्रिकेतून डुकर नावाचं हरीण आलं (नावावर जाऊ नका, ते हरीणच). टायरवाल्या फायरस्टोनसाहेबांनी १९२७मध्ये लायबेरियाहून चक्क एक पाणघोडा पाठवला. जातीने बुटका, नाव बिली. फायरस्टोन कंपनीने १९२६मध्ये लायबेरियात रबराच्या लागवडीसाठी ९९ वर्षांच्या कराराने दहा लाख एकर जमीन मिळवली होती. एवढ्या जमिनीबरोबर एखादा पाणघोडा निघायचाच.

आणि जोहान्सबर्गच्या महापौरांकडून आले सिंहाचे दोन बच्चे. त्यांची नावं काय ठेवली असतील? राजा-राणी? रामा-गोविंदा? छे! एकाचं नाव 'करकपात' आणि दुसऱ्याचं 'अंदाजपत्रक खातं'. टॅक्स रिडक्शन आणि बजेट ब्यूरो! मी बी.कॉम.च्या पहिल्या वर्षापासून अर्थसंकल्पावरचे विनोद ऐकत आलो आहे, पण चार पायांवर उभा राहून डरकाळी फोडणारा विनोद हा एवढाच.

आता हे बच्चे गेले कुठे? गेले प्राणिसंग्रहालयात. वॉशिंग्टनच्या रॉक क्रीक भागात सरकारचं राष्ट्रीय प्राणिसंग्रहालय आहे, १८८९पासूनचं. ते चालतं सरकारी पैशावर. म्हणजे बघा, 'करकपात' नावाचा सिंह रोज जे मांस खात होता, त्याचं बिल करातून भागत होतं. आमच्या भाषेत याला कॉन्ट्रा एन्ट्री म्हणतात. इकडे जमा, तिकडे नावे, आणि मधल्या मध्ये मांस गायब.

याच मालिकेत टेनेसी राज्यातून एक पिंजरा आला. पाठवणारी संस्था ग्रेट स्मोकी पर्वताची अभिमानी मंडळी. पिंजऱ्यात बॉबकॅट. नाव अर्थातच स्मोकी.

बॉबकॅट म्हणजे काय ते सांगतो. 'बॉब' हे कुणा साहेबाचं नाव नव्हे. बॉब म्हणजे तोकडं कापलेलं. शेपटी अशी की देवाने मांजर पूर्ण करता करता घंटा झाली आणि तो घरी गेला. अंगावर ठिपके, गालांवर कल्ले, कानांच्या टोकांना काळे केस. दक्षिण कॅनडापासून मेक्सिकोपर्यंत कुठेही राहतं: जंगलात, दलदलीत, वाळवंटाच्या कडेला. वजनाला आपल्या घरच्या मांजराच्या दुपटीच्या घरात, मोठा नर त्याहूनही जास्त. मुख्य जेवण ससे. पण वेळ पडली तर स्वतःपेक्षा कितीतरी मोठं हरीण पाडतं. स्वभावाने भिडस्त. एकट्याने राहणार, संध्याकाळी निघणार, माणूस दिसला की नाहीसं होणार. पुष्कळ अमेरिकन लोकांच्या परसातून ते आयुष्यभर जातं-येतं आणि त्यांना पत्ता लागत नाही. आमच्या चाळीतल्या काही थकबाकीदारांचीही हीच पद्धत आहे.

अशा लाजाळू जनावराला पिंजऱ्यात घालून देशातल्या सगळ्यात गजबजलेल्या घरी का पाठवायचं? तर त्याला पार्श्वभूमी आहे. त्या पर्वतावर राष्ट्रीय उद्यान व्हावं म्हणून तिथल्या लोकांचा मोठा खटाटोप चालला होता, आणि त्याला परवानगी देणाऱ्या कायद्यावर मे १९२६मध्ये सही केली ती कूलिज यांनीच. उद्यानाला जमिनी विकत घेणं, पैसा उभा करणं हे सगळं पुढे व्हायचं होतं. दिवाळीच्या आधी आमच्या मॅनेजरकडे मोठे खातेदार सुक्या मेव्याचा डबा घेऊन येतात ना, तसं हे बॉबकॅट आलं असावं असं माझं आपलं मत. फरक एवढाच, की ज्या प्राण्यांना जंगल राखून मिळावं म्हणून ही खटपट, त्यातल्याच एकाला जंगलातून उचलून पाकिटात घातलं होतं.

स्मोकीची रवानगीही प्राणिसंग्रहालयात झाली. कूलिज यांनी या बाबतीत शहाणपणाचं धोरण ठेवलं होतं. सिंह, अस्वल, पाणघोडा, बॉबकॅट, जे आलं ते आभार मानून रॉक क्रीकला रवाना. बिली पाणघोड्याचं तिथे उत्तम चाललं. तो १९५५पर्यंत जगला, आणि अमेरिकेतल्या प्राणिसंग्रहालयांतले बहुतेक बुटके पाणघोडे त्याचे वंशज आहेत. राष्ट्राध्यक्षांच्या नावावर जमा झालेली एवढी व्याज देणारी ठेव दुसरी नसेल.

या धोरणाला अपवाद एकच. तिचं नाव रिबेका.

नोव्हेंबर १९२६मध्ये, थँक्सगिव्हिंगच्या सणाला, मिसिसिपीहून एक जिवंत रकून आली. रकून म्हणजे डोळ्यांवर चोरासारखी काळी पट्टी असलेला, मांजराएवढा प्राणी. पाठवणाऱ्याचा हेतू सरळ होता: कापा आणि खा. तिकडे ते खातात. कूलिज यांना ती कल्पना रुचली नाही. ताटात यायची ती मांडीवर आली. नाताळला तिला गळपट्टा भेट मिळाला, त्यावर 'व्हाइट हाउस रकून' अशी अक्षरं. ग्रेसबाई तिला स्नानाच्या टबात थोडं पाणी सोडून साबणाची वडी खेळायला देत. १९२७च्या ईस्टरला हजारो मुलांसमोर रिबेकाला हातात धरून त्या उभ्या आहेत, असा फोटो प्रसिद्ध आहे. फोटोत सगळे मुलांकडे पाहतायत. रिबेका तेवढी निसटायची वाट पाहतेय.

ती खरोखरच निसटायची. कपडे फाडायची, गाद्या-खुर्च्यांची कव्हरं फाडायची. १९२७मध्ये व्हाइट हाउसच्या छपराची दुरुस्ती निघाली आणि सगळ्यांना ड्यूपाँट सर्कलच्या एका वाड्यात मुक्काम हलवावा लागला, तर ती तिथूनही पळाली आणि शोधून आणावी लागली. त्या उन्हाळ्यात राष्ट्राध्यक्ष दक्षिण डकोटाच्या डोंगरात राहायला गेले, तेव्हा आगगाडीतून कुत्रे गेले, कॅनरी पक्षी गेले आणि रिबेकाही गेली. पेन्सिलीच्या थोटकाचा हिशेब ठेवणाऱ्या माणसाने फाटलेल्या कव्हरांचा हिशेब मागितला नाही.

असं का, हे मी ठामपणे सांगू शकत नाही. पण एक नोंद त्यांच्या घरच्या खातेवहीत आहे, ती वाचल्यावर मला विनोद सुचेना. जुलै १९२४मध्ये त्यांचा धाकटा मुलगा, बापाच्याच नावाचा कॅल्विन, व्हाइट हाउसच्या टेनिस कोर्टावर पायमोजे न घालता खेळला. पायाला फोड आला, त्याचं विष रक्तात भिनलं आणि आठवड्याभरात तो गेला. वय १६. पेनिसिलीन यायचं होतं. कूलिज यांनी पुढे आत्मचरित्रात लिहिलं आहे, की राष्ट्राध्यक्षपदाची शान आणि सत्ता त्याच्याबरोबरच निघून गेली. दोन वर्षांनी त्या घरात एक रकून आली आणि राहिली. मुलगा गेला म्हणून रकून ठेवली, असा व्हाउचर मी फाडणार नाही. पण दुपारी हा अबोल माणूस गळ्यात रकून घेऊन बागेत फिरत असेल, तर त्याला बिल विचारायला मीही धजणार नाही.

माणूस रानटी जनावर घरी आणतो तेव्हा बहुधा असंच काहीतरी रिकामं असतं. पूर्वी ते दरबारातलं एखादं आसन असे, आता दिवाणखान्यातला सोफा असतो. कूलिज गेले, पण ही हौस गेली नाही. १९५०च्या दशकात अमेरिकेत ऑसेलॉट नावाचं दक्षिणेकडचं ठिपक्याठिपक्यांचं मांजर पाळायची टूम निघाली. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडला पाळणाऱ्यांचा क्लबसुद्धा निघाला. चित्रकार साल्व्हादोर दाली १९६०च्या दशकात आपला बाबू नावाचा ऑसेलॉट साखळीला बांधून हिंडायचा. (आमच्याकडे बाबू म्हटलं की क्लार्क. एकूण साखळी आलीच.) मग ऑसेलॉट दुर्मिळ झाला, कायदे आले, आणि हौशी लोकांची नजर घरच्याच बॉबकॅटकडे वळली. आजही तिथल्या बऱ्याच राज्यांत परवाना काढून बॉबकॅट पाळता येतं. पिंजऱ्यातच जन्मलेली पिल्लं विकत मिळतात.

बॉबकॅटबरोबरच्या संसाराचं पासबुक साधारण असं असतं.

पहिली नोंद: पिल्लू दोन आठवड्यांचं. आईपासून तेव्हाच काढतात, म्हणजे बाटलीने दूध पाजणाऱ्यालाच ते आई समजेल. डोळे नुकते उघडलेले, मुठीएवढं अंग, नसलेली शेपटी. या पानावर सगळं जमाच जमा. बॉबकॅट घुरघुरतं, म्हणजे प्रेमाने, आपल्या मनीसारखंच. डोकं घासतं. हे प्रेम खोटं नसतं, हे आधी मान्य केलं पाहिजे.

दुसरी नोंद: वय सहा-आठ महिने. खेळ सुरू. बॉबकॅटचा खेळ म्हणजे दबा धरून मागून झडप. जंगलात तो सशावर घालायचा. इथे ससा नाही, घरमालक आहे. तोंडात धरलेली वस्तू ते आपली मानतं आणि परत देत नाही. वस्तू चिकन असो, नाही तर मालकाचा बूट. वसुलीला जाणाऱ्याने आपल्या जबाबदारीवर जावं.

तिसरी नोंद: वय दीड-दोन वर्षं. प्राणी वयात आला. आता आपली हद्द आखणं त्याला भाग असतं, आणि हद्द आखायची शाई त्याच्या अंगातच असते. सोफा, पलंग, पडदे, पाहुण्यांच्या बॅगा, सगळ्यावर सही-शिक्का. शस्त्रक्रिया केली तर हे कमी होतं, पण थांबेलच याची हमी कुणी देत नाही. जंगलात त्याची हद्द कित्येक चौरस किलोमीटरची असते. तेवढी सगळी जबाबदारी दोन खोल्यांवर येऊन पडते.

खर्चाची बाजू: दूधपोळी चालत नाही. नुसतं मांसही चालत नाही. हाडांसकट, आतड्यांसकट आख्खं सावज हवं, नाहीतर त्याची हाडं ठिसूळ होतात. बरेच जनावरांचे डॉक्टर हात लावत नाहीत. गावाला जायचं तर शेजाऱ्यांना 'जरा आमच्या मांजराला बघा हं' म्हणायची सोय नाही. आमच्या शेजारच्या काकू आमच्या तुळशीला पाणी घालायचं विसरतात.

शेवटची नोंद: ती लवकर येत नाही. रानात हा प्राणी दहा-बारा वर्षं जगला तर पुष्कळ. पिंजऱ्यात वीस वर्षं सहज जातो, काही तर तिशीपर्यंत गेले आहेत. हा आमच्या गृहकर्जाचा कालावधी आहे. आणि दोन वर्षांनी मालकाचा उत्साह संपला तर? मुदतपूर्व खातं बंद करता येत नाही. जंगलात सोडावं तर शिकार शिकवणारी आई दोन आठवड्यांतच सुटलेली. भीती शिकवायची तीही राहिलेली. ते थेट कुणाच्या तरी दारात जाऊन बसणार, आणि तो दारवाला बंदूक काढणार. प्राणिसंग्रहालयं लोकांच्या घरचे प्राणी सहसा घेत नाहीत; रॉक क्रीकचा दरवाजा राष्ट्राध्यक्षांसाठी उघडा होता. उरतात धर्मादाय आश्रयस्थानं, आणि तिथे रांग आहे.

यावर बॉबकॅटवाले म्हणतात, "पण आमचं माणसाळलंय." आमच्या हिचंही हेच म्हणणं होतं: "कुत्री-मांजरं नाही का माणसाळली? मग हे का नाही?" प्रश्न बरोबर आहे, आणि उत्तर बँकेत बसणाऱ्याला सोपं आहे. माणसाळणं हे बचत खातं आहे. एका जनावराने एका माणसाकडे एका जन्मात जेवढं भरलं तेवढंच त्यात. जनावर मेलं की खातं बंद, आणि त्याच्या पोराला पुन्हा शून्यापासून सुरुवात. पाळीव होणं ही पिढ्यान्‌पिढ्यांची मुदत ठेव आहे. आपली मनी माणसाजवळ येऊन दहा हजारच्या आसपास वर्षं झाली. सायप्रस बेटावर सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका थडग्यात माणसाशेजारी पुरलेलं मांजर सापडलं आहे. एवढं चक्रवाढ व्याज साठूनही मनी आपलं ऐकत नाही, हे लक्षात घेतलं म्हणजे बॉबकॅटच्या दोन आठवड्यांच्या बाटलीचं मोल कळतं.

याचा सगळ्यात मोठा पुरावा आपल्याच देशात आहे. अकबर बादशहाला चित्त्यांची हौस. जहांगीराने आपल्या आठवणींत लिहून ठेवलं आहे, की वडिलांनी एका वेळी एक हजार चित्ते जमवले होते. त्यांनी जोडी जमवावी, पिल्लं व्हावीत, म्हणून खूप प्रयत्न केले. बागेत मोकळं सोडलं, तरी काही झालं नाही. मग जहांगीराच्या काळात, १६१३मध्ये, एक चित्ता गळ्यातला पट्टा सोडवून मादीकडे गेला आणि तिला तीन पिल्लं झाली. बादशहाला एवढं नवल वाटलं की त्याने ते नोंदवून ठेवलं. बंदिवासात चित्त्याला पिल्लं झाल्याची त्यानंतरची नोंद आहे १९५६ची, फिलाडेल्फियाच्या प्राणिसंग्रहालयातली. म्हणजे बाकीचा प्रत्येक चित्ता रानातून पकडून आणलेला. कोल्हापूर दरबारात चित्तेवान होते, डोळ्यांवर टोपी घातलेले चित्ते काळविटाच्या शिकारीला जात. गरीब गाईसारखे होते म्हणतात. पण आपल्याकडचे चित्ते मिळेनात तेव्हा ते आफ्रिकेहून मागवावे लागले. इतकी शतकं नुसतं खात्यातून काढणं चालू होतं, भरणा कुणीच केला नाही. १९४७च्या सुमाराला शिल्लक शून्य झाली. २०२२मध्ये कुनोच्या जंगलात पुन्हा आफ्रिकेहून चित्ते आणून खातं नव्याने उघडलं, ते सगळ्यांना माहीत आहे.

आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव कायद्याने हा प्रश्न मिटवला. बिबट्या सोडाच, रानातला पोपटही पिंजऱ्यात ठेवता येत नाही. अमेरिकेत ज्याचं त्याचं राज्य, ज्याचा त्याचा कायदा. त्याची किंमत ओहायो राज्यात झेन्सव्हिल गावाजवळ ऑक्टोबर २०११मध्ये मोजली गेली. एका माणसाने आपल्या खासगी संग्रहातल्या पन्नासेक जनावरांचे पिंजरे उघडले आणि स्वतःचा जीव घेतला. संध्याकाळ होत आलेली, जवळच वस्ती आणि मोठा रस्ता. पोलिसांना गोळ्या घालण्यावाचून गत्यंतर नव्हतं. मेलेल्यांत १८ वाघ आणि १७ सिंह होते. त्यांतल्या एकानेही कधी जंगल पाहिलेलं नसावं. ते बिचारे फक्त उघड्या दारातून बाहेर आले होते.

त्यानंतर अकरा वर्षांनी, डिसेंबर २०२२मध्ये, साऱ्या देशासाठी मोठ्या मार्जारांचा कायदा झाला. सिंह, वाघ, बिबट्या, जग्वार, चित्ता, प्यूमा अशी यादी आहे. नव्याने कुणाला घरात ठेवता येणार नाहीत. मी आमच्या सवयीप्रमाणे यादी वरून खाली आणि खालून वर टिक करत तपासली. बॉबकॅट नाही. माणसाला सहज मारू शकतात तेवढेच त्या यादीत घेतले आहेत. कायदा माणसाच्या बाजूने लिहिलेला असल्याने हे रीतसरच आहे. पण त्यामुळे झालं असं, की जो प्राणी आपला जीव घेण्याइतका मोठा नाही, त्याचं आयुष्य आपण घ्यायला मोकळे राहिलो.

कूलिज मार्च १९२९मध्ये पायउतार झाले. व्हाइट हाउसमधून निघून ते मॅसॅच्युसेट्समधल्या नॉर्थॅम्प्टन गावी, आपल्या जुन्या भाड्याच्या घरात राहायला गेले. एका जोडघराची अर्धी बाजू, पलीकडे दुसरं बिऱ्हाड. माजी राष्ट्राध्यक्षांनी भाड्याने राहावं हे ऐकून माझा ऊर भरून आला. पण तिथे रकूनला जागा नव्हती. रिबेका रॉक क्रीकच्या प्राणिसंग्रहालयात गेली, जिथे स्मोकी, अस्वल आणि पाणघोडा आधीच पोचते झाले होते. तिच्यावर त्या घराने खरी माया केली होती. तिचा शेवटचा पत्ता आणि ज्यांच्यावर कुणीच केली नव्हती त्यांचा पत्ता एकच निघाला.

टेनेसीतलं ते राष्ट्रीय उद्यान मात्र झालं; १९३४मध्ये ते रीतसर स्थापन झालं. दोन हजार चौरस किलोमीटरांहून मोठं, आणि आज त्या देशात सगळ्यांत जास्त माणसं जातात ते राष्ट्रीय उद्यान हेच. स्मोकीची भाऊबंद मंडळी अजून तिथे आहेत. वर्षाला कोटीभर माणसं त्या रानातून फिरतात. बॉबकॅट त्यातल्या फारच थोड्यांना दिसतं. उरलेले सगळे मोटारीत बसून परत जाताना म्हणतात, "एवढं आलो आणि दिसलं नाही." ते त्या वेळी एखाद्या झुडपाआड बसून आपले बूट मोजत असतं, आणि हिशेब बरोबर आला, सगळे बूट बाहेर गेले, म्हणजे उठून आपल्या कामाला लागतं.